मांडवीतला पत्ता

पार्सलं पोचवणारी शमिका आणि तिच्याबरोबरची सगळी पोरं संपावर होती, कारण गाडीवरून पडून कोणी जायबंदी झालं की कंपनी हात झटकायची. कंपनीने बदली माणसं कोल्हापुराहून आणली. इथे मांडवीत घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. ही परकी माणसं कुठली घरापर्यंत पोचतायत, असं शमिकाला वाटलं होतं.

पण संप मिटवायच्या बैठकीत सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "कसला संप? पार्सलं तर घरोघर पोचतायत. काम बंदच नाही, तर सरकारने मध्ये पडायचं कशाला?"

शमिका तणतणत मांडवीच्या नाक्यावर आली. तिथे संपकरी पोरं बसली होती. "त्या मेल्यांना घरं दाखवतंय कोण?" ती ओरडली.

कोणी वर बघेना. शेवटी ऋत्विक पुटपुटला, "एक जण भर उन्हात फिरत होता गो. वाट विचारलीन, तर नाही कसं म्हणायचं?"

शमिका त्याला फाडून खाणार, इतक्यात पाठीवर पार्सलांची पिशवी घेतलेल्या एका परक्या पोराने शेजारी गाडी थांबवली.

"ताई, मयेकरांचं घर कुठं आलं?"

"विहिरीच्या पुढे, फणसाखालून डावीकडे वळ. आणि कुत्रा चावरा आहे, जपून जा," शमिका सांगून मोकळी झाली.