प्रॉक्सीतली लावणी

हिमांशूने रीलिंकचे बटण दाबले आणि खुर्चीत मागे टेकून बसला. एडिटिंग त्याने हलक्या, पुसट प्रॉक्सी फायलींवर केले होते, कारण त्याचा कॉम्प्युटर मूळ फुटेज पाहताच गळपटायचा. आता टाइमलाइनवरच्या प्रत्येक तुकड्याला डिस्कवरचा मूळ, स्वच्छ तुकडा जोडला, की फिल्म तयार. संध्याकाळी ती इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या त्यांच्या गावात मोठ्या पडद्यावर दाखवायची होती.

अर्जुनी मोरगावातल्या त्याच्या एवढ्याशा फोटो-व्हिडिओच्या दुकानात शेजारच्या स्टुलावर त्याचे वडील, चैतराम, पांढरा सदरा घालून बसले होते. डॉक्टरकडे बसावे तसे, हात मांडीवर ठेवून. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत गावाची दंडार, म्हणजे नाचगाण्याचे लोकनाट्य, व्हायची आणि तिच्यात बाईचे सोंग ते तरुणपणापासून घेत आलेले. यंदा गुडघ्यांनी हात टेकले. त्यामुळे मंडईत नाचलेली ही त्यांची शेवटची लावणी, आणि ती फिल्ममध्ये पूर्ण आलीच पाहिजे, असे दंडार मंडळाच्या टेकचंदभाऊंनी बजावून ठेवले होते.

तुकडे भराभर जुळत गेले. ढोलकीवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसू लागला, आकाशपाळण्यातल्या पोरींच्या बांगड्या दिसू लागल्या. मग लावणी आली आणि पडदा लाल झाला. मूळ फाइल सापडत नव्हती.

"लाल काऊन झालं?" चैतरामांनी विचारले.

"थांबा, शोधून राहिलो."

तो काही शोधत नव्हता. शोधायचे काय, त्या फायली त्यानेच पुसल्या होत्या. मंडईनंतर एका लग्नाचे शूटिंग आले, डिस्क भरली, आणि काय उडवायचे याचा त्याला फारसा विचार करावा लागला नाही. लावणी फिल्ममध्ये घ्यायचीच नाही, हे त्याने आधीच ठरवले होते. टेकचंदभाऊंचा निरोप आला तो नंतर. तोवर प्रॉक्सी तेवढ्या उरल्या होत्या. त्या टाइमलाइनवर टाकताना मूळ फुटेज गेल्याचे तो साफ विसरला. विसरणे सोयीचे होते, असेही म्हणता येईल.

मंडईच्या दिवशी गोंदियाहून त्याचा मित्र कैलाश दुसरा कॅमेरा घेऊन आला होता. लावणी सुरू झाली तसा तो हसायला लागला.

"ये कौन है भाई?"

"होगा कोई गाँव का," हिमांशू म्हणाला होता. तेव्हाच चैतराम गिरकी घेत त्यांच्या अगदी पुढून गेले. ढोलकीच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आता दुसरा इलाज नव्हता. लाल जागी त्याने पुन्हा प्रॉक्सीच बसवली आणि फिल्म चालवली. सगळी मंडई लख्ख, आणि लावणी तेवढी गढूळ पाण्याखालून दिसावी तशी. नथ नाही, डोळे नाहीत, कुंकवाच्या जागी नुसता लाल डाग. या माणसाने त्या दिवशी सकाळपासून आरशापुढे बसून ते कुंकू कोरले होते.

"तिकडं उजेड कमी होता, बाबा," हिमांशू म्हणाला.

मंडई भर दुपारी भरली होती. चैतराम वाकून पडद्याकडे पाहत राहिले.

"मीच गंज, एकामागं एक गिरक्या घेतल्या," ते म्हणाले. "एका जागी थांबाले पायजे होतं. टेकचंदले मी सांगतो. तुयी काई चूक नाई."

हिमांशूला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो उगाच माऊस हलवत राहिला.

"तो गोंदियाचा पोरगा येनार हाये ना संध्याकाळी?" चैतरामांनी विचारले.

"कैलाश? हो."

"मंग पुसटच बरं हाये." गुडघ्यावर हात देऊन ते हळूहळू उठले. आवाजात राग नव्हता, कामाचे काहीतरी सांगावे तसे ते बोलले. "त्याले वळखू येनार नाई."

दाराशी जाऊन ते पायानेच चपला चाचपू लागले. हिमांशूने खाली बसून त्या त्यांच्या पायांपुढे नीट लावून ठेवल्या. ते पायरी उतरून गेल्यावरही तो तसाच खाली बसून होता.