दोन्ही कामांची सॅक

माझा मेहुणा ऑडवार याचं ज्यावर ठाम मत नाही अशी वस्तू अजून जगात तयार व्हायची आहे. फरशा विकायचं दुकान आहे त्याचं. पण गिऱ्हाईक न्हाणीघराची फरशी बघायला आलं, की आधी त्याला बुटांवर, बंदुकांवर आणि कुत्र्यांवर प्रवचन ऐकून घ्यावं लागतं. आमच्या शिकारटोळीचा म्होरक्याही तोच. त्याला कुणी निवडलेलं नाही. एका शरदात तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलला, आणि तेव्हापासून बोलतोच आहे.

माझा भाऊ आस्गेर हृदय बंद पडून गेला, तेव्हा टोळीत ऑडवार आणि मी असे दोघंच उरलो. आस्गेरची जागा त्याच्या बायकोनं, योरिदनं मागितली.

"ती?" ऑडवार म्हणाला. "अगं इंगुन, ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते."

"मग? रेनडिअरला सूर कळत नाहीत, असं तुला वाटतं का?"

योरिदनं शिकारीची परीक्षा दिली, नेमबाजीची चाचणी दिली आणि चाचणीत तिच्या गोळ्या ऑडवारच्या गोळ्यांपेक्षा जास्त एकमेकींना लागून पडल्या. हे मी त्याच्यासमोर कधी बोलत नाही, असं लोकांना वाटतं. मी दर रविवारी बोलते.

मग सॅकचा प्रश्न निघाला. आमच्या पठारावर शिकार दोन तऱ्हेची. कळप आमच्या मुक्कामाच्या खोपीच्या आसपास असला तर सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. पाठीवर भाकरी, कॉफी, एक जाड स्वेटर, बस्स. कळप पश्चिमेच्या तळ्यांपलीकडे सरकला, की तंबू, झोपायची पिशवी आणि तीन-चार दिवसांचं खाणं घेऊन त्याच्या मागे जायचं. आणि कुठल्याही तऱ्हेनं गेलात तरी जनावर पडलं की त्याचं मांस स्वतःच्याच पाठीवरून येतं. तिथं रस्ता नाही आणि गाडी नेऊ देत नाहीत. म्हणजे सॅक सकाळी लहान हवी, संध्याकाळी मोठी हवी, आणि कुठल्याही वेळी मजबूत हवी. या कोड्याचं उत्तर आमच्या खोऱ्यात प्रत्येकाकडे आहे आणि बहुतेकांचं चुकलेलं आहे.

माझी थोरली बहीण टोर्दिस, म्हणजे ऑडवारची बायको, हिचं उत्तर तयार होतं. "आस्गेरची सॅक आहे की!" रविवारी कॉफीला बसलो असताना ती म्हणाली. "त्याच्या पाठीवर अख्खं आयुष्य फिरली ती. तुझ्याही पाठीवर जाऊ दे."

सगळ्यांचे डोळे पाणावले. आमच्या घरी मेलेल्या माणसाच्या वस्तूंना जिवंत माणसांपेक्षा जास्त मान असतो. योरिद शेडमध्ये गेली आणि ती सॅक घालून बैठकीच्या मधोमध येऊन उभी राहिली. आस्गेर दारातून वाकून आत येणारा माणूस. योरिद माझ्या खांद्याला लागते. सॅकचा कमरपट्टा तिच्या मांड्यांवर येऊन लोंबत होता आणि वरचं टोक डोक्यामागून शिंगांसारखं उभं होतं.

"छान दिसतेय," टोर्दिस म्हणाली.

"टोर्दिस, हिच्यात पन्नास किलो भरले तर सगळा भार खांद्यांवर येईल. कमरेला लागतच नाहीये," मी म्हणाले.

"सवय होईल गं."

"आस्गेरची सवय लागायला मला सहा वर्षं लागली," योरिद म्हणाली. "त्याच्या सॅकसाठी माझ्याकडे वेळ नाही."

टोर्दिसनं तोंडाला रुमाल लावला. मी वॉफलवर आणखी जॅम घेतला. इतकी खरी गोष्ट त्या बैठकीत बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही खालच्या गावातल्या क्रीडासामानाच्या दुकानात गेलो. ऑडवारला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तो आमच्या आधी पोचला होता. दुकानातला पोरगेला विक्रेता योरिदला रंग दाखवत होता. शेवाळी, दगडी, पानगळीचा. मग कप्पे. फोनचा कप्पा, चष्म्याचा कप्पा, पाण्याच्या नळीचा कप्पा.

"मांसाचा कप्पा कुठाय?" योरिदनं विचारलं.

तो गडबडला. ऑडवार पुढे सरसावला. "मी सांगतो. सरळ हिशोब आहे. मोठ्यात लहान मावतं, लहानात मोठं मावत नाही. तेव्हा सगळ्यांत मोठी घ्यायची." आणि त्यानं भिंतीवरची एक अगडबंब सॅक काढली. उभी केली तर एखादं वासरू आत झोपेल एवढी. आत फ्रेम नाही, पाठीला नुसता जाड फोम. "दिवसाची शिकार असो नाहीतर आठवड्याची. एकच सॅक. विषय संपला."

"दिवसाच्या शिकारीला एवढी?"

"रिकामी ठेवायची ना!"

जगात मोठी सॅक रिकामी ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि ऑडवार तर खिसासुद्धा रिकामा ठेवत नाही.

योरिदनं त्याच्याकडे पाठ केली आणि कोपऱ्यातली एक सॅक उचलली. दिसायला काहीच नाही. एक कडक सांगाडा, रुंद कमरपट्टा आणि त्यावर मध्यम आकाराची पिशवी, बकलांनी अडकवलेली. बकलं सोडली की पिशवी सांगाड्यापासून हातभर मागे सरते, आणि मधल्या जागेत, अगदी पाठीला लागून, ओझं बांधता येतं. खाली ते ओझं टेकायला छोटासा कप्पा होता. दिवसाला पिशवी आवळून चपटी करायची, मुक्कामाला फुगवायची, आणि मांस मिळालं की मध्ये घालायचं.

दाराशी कुत्र्यांच्या खाण्याची पोती रचलेली होती. योरिदनं त्यातलं सगळ्यांत मोठं पोतं ओढत आणलं, सांगाडा आणि पिशवी यांच्या मध्ये बांधलं, पाठीचा पट्टा आपल्या उंचीला खाली-वर करून घेतला आणि वरच्या मजल्यावर स्कीच्या विभागाकडे जिना चढायला लागली. वर गेली, खाली आली. पुन्हा वर. विक्रेता तोंड उघडं टाकून बघत होता. गिऱ्हाइकं वाट देत होती.

"हसतील लोक," ऑडवार म्हणाला.

"हसताहेत की. तुला," मी म्हणाले. ती अगडबंब सॅक बगलेत मारून तो स्वतःसाठीच विकत घ्यायला निघाला होता आणि तिच्या पट्ट्यात त्याचाच पाय अडकला होता.

योरिद खाली आली. लाल झाली होती, पण ताठ होती. "कमरेवर बसतेय," ती मला म्हणाली. "खांदे मोकळे आहेत. ही घेते."

सप्टेंबरात आम्ही खोपीवर गेलो. पहिले दिवस धुक्यात गेले. मग एका सकाळी आभाळ उघडलं आणि ऑडवारनं जाहीर केलं, "आज दिवसाचीच शिकार. संध्याकाळी परत. हलकं सामान घ्या."

हे बोलताना त्याच्या पाठीवर घडीची खुर्ची होती, दुर्बिणीची तिवई होती, गॅसची शेगडी होती, कॉफीचं इटालियन भांडं होतं, दोन जोड कोरडे कपडे होते आणि सबंध सॉसेज. जागा होती म्हणून घेतलं, असं त्यानं सांगितलं.

दुपारी कळप दिसला, लांबच्या तळ्यापलीकडे. खाली पोटावर सरपटत आम्ही जवळ गेलो. गोळी ऑडवारनं झाडली आणि चांगली झाडली. तेवढं श्रेय देते. मोठा नर जागच्या जागी कोसळला. आम्ही तिघांनी मिळून त्याला सोललं, मांड्यांचे आणि खांद्यांचे फरे सुटे केले, सुती पिशव्यांत घातले. तोवर वारा फिरला. पाऊस आणि बर्फ एकत्र यायला लागलं.

ऑडवारनं मांसाकडे पाहिलं, मग आपल्या सॅककडे. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"असं करू," तो म्हणाला. "मागचे फरे आणि पाठीचं मांस घेऊ. पुढचं आणि मानेचं राहू दे. कोल्ह्यांनाही जगायचंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. आमच्या खोऱ्यात मांस टाकून येणाऱ्याला लोक रस्त्यात ओळख देत नाहीत. आमच्या बापानं एका माणसाशी याच कारणानं मरेपर्यंत बोलणं टाकलं होतं.

"कोल्ह्यांनी गोळी झाडली नाही," योरिद म्हणाली. "तू झाडलीस."

"हवा बघ! अंधार पडायच्या आत पोचायचंय. शिकारीचा अनुभव कुणाला आहे इथं?"

योरिदनं आधी आपल्या सॅकची बकलं सोडली आणि मागचे दोन्ही फरे मध्ये आवळून बांधले. पाठीचं मांस आणि मान माझ्या सॅकमध्ये घातली. माझी सॅक काही सांगण्यासारखी नाही. पण तिला फ्रेम आहे आणि तिच्यात खुर्ची नाही. मग ती ऑडवारच्या सॅकपाशी गेली, तोंड उघडलं आणि सामान बाहेर काढायला लागली. खुर्ची, तिवई, शेगडी, भांडं. सगळं एका खडकाच्या आडोशाला नीट रचलं.

"हात लावू नकोस! किती महागाची तिवई आहे ती!"

"म्हणून तर दगडाखाली ठेवतेय."

तिनं पुढचे दोन्ही फरे त्याच्या सॅकमध्ये सोडले. ते तळाशी जाऊन पडले, ओल्या धोंड्यांसारखे. ऑडवारनं सॅक चढवली आणि मागे कलला. फ्रेम नसल्यामुळे सगळा भार त्याच्या खांद्यांना खाली ओढत होता. अर्धा तास तो काही बोलला नाही. टोळीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि खरं सांगते, मला ते मांसापेक्षा गोड लागलं.

ओढा ओलांडताना त्याचा पाय सरकला. सॅक एका बाजूला झुकली आणि तिनं त्याला आपल्याबरोबर नेलं. गुडघा मुरगळला. तो पाण्यात बसून ओरडत होता. आम्ही त्याला बाहेर काढलं आणि त्याची सॅक काठावरच ठेवली. तेव्हा मात्र मी हसले नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खोपी दिसत होती, पण चढावर.

"तू याला घेऊन ये हळूहळू," योरिद मला म्हणाली. "मी ओझं टाकून परत येते."

ती गेली. मी ऑडवारला खांदा देऊन पावलागणिक ओढत होते. आम्ही निम्म्यावर असताना ती रिकाम्या सांगाड्यासह आम्हाला ओलांडून उतरली, ओढ्याकाठून पुढचे फरे बांधून घेतले आणि आमच्या मागोमाग वर आली. उजेड जेमतेम होता. तिच्या मानेवरून वाफ निघत होती.

"माझी खुर्ची तिकडेच राहिली," ऑडवार म्हणाला. आभार वगैरे नाही. खुर्ची.

दुसऱ्या सकाळी तो बाकावर पाय ताणून बसला होता. "कुणीतरी जाऊन सामान घेऊन या. बर्फ पडलं तर सापडायचं नाही."

मांस सोडायला तयार झालेला माणूस खुर्ची सोडायला तयार नव्हता.

योरिद तपकिरी चीज कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मांसाला पाय नव्हते, म्हणून मी दोनदा गेले. तुझ्या खुर्चीला चार आहेत. येईल चालत."

शेवटी मी गेले आणि तिवई तेवढी घेऊन आले. खुर्ची अजून तिथं असेल.

ऑक्टोबरात गावच्या सभागृहात मेंढीचं मटण आणि कोबीचं जेवण होतं. सगळं खोरं जमलं होतं. ऑडवार कुबडी घेऊन मध्यभागी बसला होता. "बरोबर दोन बायका," तो सांगत होता, "हवा अशी, आणि एवढा मोठा नर. मग काय करणार? भरला सॅकमध्ये आणि निघालो. गुडघा गेला, पण मांसाचा एक तुकडा मागे ठेवला नाही."

योरिद समोरच्या टेबलावर होती. तिनं काटा खाली ठेवला. "ऑडवार, जे फरे तू कोल्ह्यांना देत होतास ना," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते माझ्या फ्रीजरमध्ये आहेत. कोल्हे मागायला आले तर काय सांगू?"

कुणीतरी खोकलं. मग मागच्या टेबलावरून कुणीतरी हसलं, आणि ते हसू टेबलाटेबलानं पुढे सरकत आलं. ऑडवारनं कोबीत तोंड घातलं.

मी स्वयंपाकघरात भांडी ठेवायला गेले तर टोर्दिस नळाशी उभी होती. "खरंच टाकून येणार होता?" तिनं पाठमोरी राहूनच विचारलं.

"हो."

ती बराच वेळ एकच ताटली धूत राहिली. "आपल्या बापानं त्याला दारात उभं केलं नसतं," ती म्हणाली. मग ताटली पुसली, माझ्या हातात दिली आणि नवऱ्याला घरी घेऊन गेली.

वसंतात ऑडवारनं ती अगडबंब सॅक विकली आणि हुबेहूब योरिदसारखी घेतली. आता तो फरशीच्या गिऱ्हाइकांना समजावतो, की सांगाड्याची सॅक हीच खरी, दिवसालाही आणि मुक्कामालाही, आणि हे त्यानं स्वतः शोधून काढलं. ऐकणारे ऐकतात. त्यांना फरशी हवी असते.

योरिदनं आणि मी आमची टोळी वेगळी केली. त्या शरदात आम्ही तंबू घेऊन पश्चिमेच्या तळ्यांपलीकडे गेलो आणि आठवडाभर एक शिंगसुद्धा दिसलं नाही. धुकं, पाऊस, पुन्हा धुकं. परत येताना एका खडकापाशी टेकलो.

"आस्गेर मला कधी काही उचलूच द्यायचा नाही," योरिद म्हणाली. "माझंही ओझं स्वतःच घ्यायचा. मी इतकी चिडायचे! आणि तो खांदे चोळत म्हणायचा, काही जड नाही गं."

"जड असायचंच. आमच्या घरी सगळे गाढवच जन्मले."

"हो," ती म्हणाली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. मग आम्ही उठलो, पट्टे आवळले आणि धुक्यात खोपीची दिशा शोधायला लागलो.