सुईबाबांची अंगठी

जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिवणकारखान्यातल्या चाळीस जणी इस्त्रीच्या टेबलापुढे रांगेत उभ्या होत्या. टेबलावर सुईबाबा मांडी ठोकून बसलेले. एका हाताने दोऱ्याला बांधलेली सुई बाईच्या छातीसमोर धरायची, दुसरा हात जवळ न्यायचा. सुई हाताकडे झेपावली, की बाबा डोळे मिटत.

"गाठ आहे, माई! पण दवाखान्यातलं मशीन नको, कापाकापी नको. विश्वलहरी विरघळवतील."

मग मंत्र, फुंकर आणि पुन्हा सुई. आता ती ढिम्म हलायची नाही. "गेली!"

काजबटणाला बसणारी माझी धाकटी जाऊ रडत माझ्या गळ्यात पडली. "ताई, गेली हो गाठ! तीन महिने होती. दुखत नव्हती, म्हणून बोलले नाही."

मी तिला बाजूला घेतलं. "चाचपून बघितलंस?"

"बाबा म्हणाले, सात दिवस हात लावायचा नाही."

मी कटिंगला असते. हातांवर नजर ठेवायची सवयच आहे. बाबा दर वेळी पहिल्यांदा उजवा हात पुढे करत, मंत्रानंतर डावा. उजव्यात जाडजूड काळी अंगठी. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला आम्हीही लोहचुंबकच वापरतो.

मी टाचण्यांची उघडी डबी पुढे केली. "बाबा, यांनाही आशीर्वाद द्या. फार बोचतात."

सवयीने उजवा हात आला. टाचण्या उसळून अंगठीला चिकटल्या. बोटाचं साळिंदर झालं.

"पाहा! निर्जीवही शरण आले!" बाबा गरजले.

"मग आता डाव्या हातालाही येऊ देत की!"

खसखस पिकली. बाबांनी झोळी आवरली. जाऊ मात्र हसली नाही. तिने छाती चाचपली. "ताई, आहे तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकून हॉस्पिटल गाठलं. मॅमोग्राफी झाली, गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सरच निघाला, पण लहान, पसरलेला नव्हता. "दुखत नाही म्हणून थांबू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. जाऊ कामावर परतली.

बायांनो, गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंडातून स्राव आला, तर लाजू नका. डॉक्टरला दाखवा. काहीच वाटत नसलं, तरी तपासणी कोणत्या वयात करायची ते विचारून घ्या. आणि स्वतःच्या अंगाला हात लावू नको म्हणणाऱ्याला आधी दार दाखवा.