फोटोपुरता कोट

मी कोट बोलतोय. निपाणीच्या स्टँडामागं सत्याप्पांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं खुंटीला असतो तो काळा कोट. माझं दर्शन समोरूनच घ्यावं, मागच्या बाजूला येऊ नये. का, ते आता लाज सोडून सांगतो.

माझा जन्म बेळगावचा. चिकोडीच्या एका वकिलासाठी मला शिवलं, पण शिवून होईस्तोवर वकिलाचं पोट पुढं आलं आणि मी शिंप्याच्याच गळ्यात पडलो. तिथून सत्याप्पांनी मला आणलं. आल्या आल्या कात्री घेतली आणि कॉलरच्या खालपासून माझी पाठ उभी फाडली. मी म्हटलं, संपलं आता! पण गडी हुशार. फोटोत पाठ दिसते कुणाला? जाड्याला मी आपोआप ढिला, बारक्याला मागून चिमटे लावून घट्ट. वर साहेब, खाली लेंगा आणि मागं कपडे वाळत घालायचे चिमटे. अशा थाटात मी किती जणांना पासपोर्ट मिळवून दिले, आणि त्याचा मला माजही भारी होता.

सत्त्याऐंशी साली मष्णू आला. जवळच्या खेड्यातला गवंडी. त्याच्या मेहुण्यानं मस्कतला त्याच्यासाठी काम धरून ठेवलेलं, पण दिवाळीच्या आत पासपोर्ट हातात पडला नाही तर ते दुसऱ्याला जाणार होतं. सत्याप्पांनी त्याचा पटका उतरवला, तेल चोपडून भांग पाडला, तोंडाला पावडर फासली, रबराचा टाय अडकवला आणि मला चढवलं. हलायचं नाही म्हटल्यावर मष्णूनं श्वास कोंडून डोळे वटारले. फोटोत असा काही झकास साहेब उतरला की मष्णूच विचारायला लागला, ह्यो कोण म्हणून.

पासपोर्टाच्या आधी पोलीस गावात येऊन चौकशी करतात, हा माणूस इथलाच का म्हणून. हवालदार गेला तेव्हा मष्णू नेमका खानापूरला बांधकामावर होता. हवालदारानं चावडीपुढं खिशातून फोटो काढला आणि विचारलं, ह्याला कोण ओळखतं?

आता आमच्या सीमाभागात हा प्रश्न वाईट. आंदोलन झालं की पोलीस असाच फोटो घेऊन यायचे आणि ज्याची ओळख पटली त्याला गाडीत घालून न्यायचे. त्यामुळं पोलिसानं फोटो दाखवला की मान आडवी हलवायची, मग तो सख्ख्या भावाचा का असेना. ही रीत पोराटोरांनाही पाठ. भावकू न्हाव्यानं त्याच आठवड्यात मष्णूची दाढी केलेली. तो चष्मा पुसून म्हणाला, असलं तोंड माझ्या वस्तऱ्याखाली कधी आलं न्हाय. मष्णूचा चुलता देवाप्पा म्हणाला, कोण म्हैसूरकडचा दिसतोय. शेवटी हवालदार पत्त्यावरच्या घरी गेला. मष्णूची आई पारूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं फोटो उजेडाला धरून नीट बघितला आणि सांगितलं, असला कोटवाला आमच्या सात पिढ्यांत झाला न्हाय. वर हवालदाराला ताकही पाजलं.

झालं! वर कळवलं गेलं, ह्या नावाचा माणूस ह्या गावात राहत नाही.

मष्णू परत आला तेव्हा सगळा गाव त्याच्याभोवती जमला. तुला कसं वाचवलं, हे जो तो रंगवून सांगायला लागला. मष्णू मटकन खालीच बसला.

दिवाळी तोंडावर आलेली. मष्णूनं हवालदाराचे पाय धरले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, पुन्हा एकदा येतो, पण तोच कोट घालून समोर उभा राहा, तोंड जुळवून बघतो. म्हणून मी पिशवीत बसून जन्मात पहिल्यांदा स्टुडिओबाहेर पडलो.

चावडीपुढं मष्णू मला घालून ताठ उभा राहिला. मागच्या बाजूला बसलेल्या बाया माझे चिमटे बघून पदरात तोंड घालून हसत होत्या. माझी अब्रू गेली ती गेलीच. ह्या खेपेला गाव पढवून ठेवलेला. भावकू म्हणाला, ह्याचं जावळ मी काढलंय. देवाप्पा म्हणाला, माझ्या मांडीवर वाढलाय. सगळे एका दमात बोलायला लागल्यावर हवालदाराला संशय आला. परवा कुणीच ओळखत नव्हतं, आज सगळेच कसे ओळखता? त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि पारूबाईला पुढं बोलावलं. आईनं सांगितलं तरच लिहीन, म्हणाला.

पारूबाई पदर आवळून एक पाऊल मागंच सरकली. मष्णूच्या छातीतली धडधड मला आतून ऐकू येत होती.

"आये, व्हय म्हण," मष्णू म्हणाला. "तू न्हाय म्हणलीस तर मी कुणाचाच न्हाय बघ."

"तुझ्या बाच्या वक्ताला मी व्हय म्हणलं हुतं," ती म्हणाली. "माझ्या देखत नेला त्येला. आला त्यो खंगूनच आला."

चावडीपुढचं हसू थांबलं. हवालदारही खाली बघायला लागला. पारूबाई पुढं आली, मला कडेला सारून तिनं मष्णूच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "व्हय. माझाच हाय ह्यो."

हवालदारानं लिहून घेतलं. आता ह्याला कुठं धाडणार, असं तिनं विचारलं. मस्कतला, हवालदार म्हणाला.

पारूबाई गावाकडं वळली. "बघा. मी म्हणलं नव्हतं? व्हय म्हणलं की घेऊनच जात्यात."

पासपोर्ट आला आणि दिवाळीच्या आत मष्णू गेला. त्याला आता दोन वर्षं झाली. मी विटलोय, अस्तराला कसर लागलीय. पण दोन्ही बाह्या जोडून तुम्हाला सांगतो, सरकारी कागदावर फोटो लावायचा असेल तर मला खुंटीलाच राहू द्या. आपल्या रोजच्या सदऱ्यात बसा, पटका असेल तर पटक्यात बसा.

परवा पारूबाई आली होती, मस्कतला धाडायला फोटो काढायचा म्हणून. सत्याप्पांनी पावडर काढली, कागदी फुलांची कुंडी शेजारी ठेवली, महालाचा पडदा सोडला. तिनं सगळं बाजूला करायला लावलं आणि पदर सारखा करून स्टुलावर बसली.

"हाय तशीच काढा अण्णा," ती म्हणाली. "बघितल्या बघितल्या त्यानं व्हय म्हणाय पायजे."