ओठांवर बसलेला आवाज

"काका, आला बघा उजेड! आता खुर्ची इकडून लावा," टेबलाखालून मुंजाजी ओरडला.

तो ओरडला म्हणून बुद्धभूषणला कळलं. एरवी टेबलाखालून कुणी बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मुंजाजी केबल झटकत बाहेर आला. तालुक्यातल्या निम्म्या मांडवांत मोठे पडदे आणि स्पीकर त्याचेच असत. सेलूच्या स्टेशन रोडवरच्या या दुकानात तो सकाळपासून नवा मॉनिटर जोडत बसला होता. "दोन-दोन टीव्ही! एक तुमाला अन् एक काकूला का?"

"गिऱ्हाईकाला. त्यानं चित्र बघावं, आपण आवाजाच्या पट्ट्या बघाव्यात."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर परभणीच्या डॉक्टरनं त्याला काचेच्या खोलीत बसवून कान तपासले होते. उजवा गेलाय, डावा जायच्या वाटेवर आहे, असं सांगितलं होतं. एकतीस वर्षं बुद्धभूषण लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंग करत होता. बहिऱ्याला मिक्सिंगला कोण देणार? म्हणून त्यानं हा रुंद मॉनिटर आणला. यावर आवाजाची पट्टी वीतभर उंच दिसे. जिथं माणूस बोलतो तिथं उंचवटा, जिथं गप्प तिथं सपाट. कानाचं काम डोळ्यांकडून करून घ्यायचं. खुर्ची त्यानं भिंतीला अशी लावली की उजव्या बाजूला कुणी बसूच शकणार नाही.

"उद्या झरीला धा वाजता पडदा लावायलोय," मुंजाजी निघताना म्हणाला. "सुकेशनीताईची फाइल आजच द्या. अख्खं गाव बसणार हाय. गडबड नगं!"

बुद्धभूषणनं त्याच्या ओठांकडं बघत मान डोलावली.

सुकेशनी दुपारी आली. तिचे वडील आश्रुबा सेलूच्या कापूस बाजारात हमाल होते. महिन्यापूर्वी ते गेले. उद्या त्यांच्या गावी, झरीला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. सहा वर्षांपूर्वी सुकेशनीच्या लग्नाचं शूटिंग बुद्धभूषणनंच केलं होतं. लोकांना आवडतं म्हणून सगळ्या फिल्मवर त्यानं गाणी टाकली होती. आश्रुबांनी वंदना घेतली, दोन शब्द बोलले, त्यावरही गाणंच. खरा आवाज माइकजवळ ठेवलेल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये होता आणि चित्र कॅमेऱ्यात. दोन्ही जुन्या हार्ड डिस्कवर सापडलं तेव्हा सुकेशनी फोनवर रडली होती.

"जय भीम काका. बाबाचा आवाज दुसरीकडं कुटंच न्हाई बघा. फोन आला की 'हां, ठीक हाय' म्हणून ठेवून द्यायचे."

"जय भीम. बस, बस. इकडं, डावीकडं बस." त्यानं पंखा बंद केला. "आवाज होतो त्याचा," असं म्हणाला. खरं तर पंखा फिरतोय हे त्याला पात्यांकडं बघूनच कळे.

त्यानं कालच चित्रावर आवाज बसवला होता. कॅमेऱ्याच्या पट्टीवर जनरेटरची घरघर पसरली होती. त्यातून वंदनेचा पहिला उंचवटा शोधून रेकॉर्डरच्या पहिल्या उंचवट्यावर ठेवला होता. दिसायला अगदी जुळलं होतं. त्यानं हेडफोन गळ्यात अडकवला, स्पीकर चालू करून बटण दाबलं आणि चित्राऐवजी सुकेशनीचा चेहरा बघू लागला.

पडद्यावर आश्रुबा हात जोडून उभे होते. नमो तस्स भगवतो... सुकेशनीनं पदर तोंडाशी नेला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती काहीतरी म्हणाली.

"हो, हो," बुद्धभूषण म्हणाला.

तिनं वळून बघितलं. "हो काय काका? बाबा हात सोडून डोळे पुसायलेत, अन् आवाज अजून वंदनेतच हाय!"

"मशीन... नवा मॉनिटर आहे ना, जरा गरम झाला की..." त्यानं पट्टी उगाच मागे-पुढे केली. कुठं चुकलं? उंचवट्यावर उंचवटा तर होता. "तू जा घरी. करून पाठवतो."

"मी थांबते की." मग हळूच, त्याच्या डाव्या बाजूला वाकून ती म्हणाली, "तुमाला ऐकू येत न्हाई का, काका?"

हे मात्र त्याला नीट ऐकू आलं. बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. आता ही उठेल, जाईल, आणि लग्नसराई संपायच्या आत दुकानाला कुलूप लागेल.

"डावा थोडा चालतो," तो म्हणाला. "मुंजाजीला नको सांगू, बाई."

"मुंजाजीला? त्याला सांगणं म्हंजे परभणी आकाशवाणीवर देणं!" ती हसली, आणि डोळे पुसून खुर्ची आणखी जवळ घेतली. "मी ऐकते, तुमी बघा. नमो तस्स सुरू झालं की बोट वर करते."

तिनं तीनदा बोट वर केलं. त्यानं चित्र पुन्हा मागे नेलं. चित्रात वंदना दोनदाच होती. पहिल्या वेळी तो बॅटरी बदलत होता, कॅमेरा उशिरा सुरू झाला होता. वंदना तीनदा म्हणायची, तेच शब्द, तोच संथ सूर, त्यामुळे तिन्ही उंचवटे जुळ्या भावांसारखे. एकाच्या जागी दुसरा बसला होता. चाळीस वर्षं तो स्वतः ती वंदना म्हणत आला होता, तरी मोजायचं राहिलं.

त्यानं आवाज एका उंचवट्यानं आधी आणला.

"आता आलं," ती म्हणाली. "पन ओठांच्या जरा मागं हाय."

"बाबा पुढं काय म्हणतात? मला एक वाक्य सांग."

सुकेशनी पडद्याकडं बघत म्हणाली, "म्हणतेत, सुके, सासरी उपाशी निजू नगं. रुसायचंच झालं तर जेवून रुस."

'रुस' म्हणताना ओठांचा चंबू होतो. तो चंबू शोधून बुद्धभूषण केसभर-केसभर पट्टी सरकवत राहिला. ती दर वेळी मान हलवी: न्हाई, न्हाई, अजून जरा. शेवटी ती मान हलवायची थांबली.

"जुळलं का?" त्यानं विचारलं. एकतीस वर्षांत गिऱ्हाईकाला त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

पडद्यावर आश्रुबा बोलत होते आणि त्यांच्याबरोबर तीही पुटपुटत होती. त्यानं वडिलांच्या ओठांकडं बघितलं, मग लेकीच्या. दोन्ही ओठ एकदमच मिटले, एकदमच उघडले, एकदमच चंबू झाले.

बुद्धभूषणनं गळ्यातला हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.