फरझानाचे रोजे

"नको म्हणजे नको, आपा," कुवेतहून वासिफ फोनवर म्हणाला. "ती लस टोचली की पोरीला मूलबाळ व्हत नाय म्हणतात."

रोह्याच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात नफिसा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात संमतीचा कागद घेऊन उभी होती. बाकावर तिची भाची इकरा, चौदा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. इकराची आई फरझाना, म्हणजे नफिसाची धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली आणि पोर खालाकडे, म्हणजे या मावशीकडेच राहिली. फरझानाला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. बाहेर मात्र घरच्यांनी किडनीचं दुखणं सांगितलं. आज पोरीला जी लस द्यायची होती, ती नेमकी तोच कॅन्सर होऊ नये म्हणून.

सिस्टर सुरभीने समजावलं होतं, मूल होत नाही वगैरे सगळ्या कंड्या, सांभाळता तुम्ही तर सही तुम्हीच करा. पण वासिफला, पोरीच्या बापाला, डावलून सही करायला नफिसाचं मन घेईना. सुरभीने चहा पुढे केला तेव्हा तिने रोजा आहे म्हणून सांगितलं. रमजान संपून कैक महिने झाले की, सुरभी म्हणाली. नफिसा गप्प.

आता नफिसा गप्प बसते हेच मुळात नवल. मोहल्ल्यात ती शिवणकाम करते. मशीन थांबेल, पण तोंड थांबणार नाही. जिभेला हाड नाही, असं तिची सासूच म्हणायची. त्या मेल्या जिभेनंच घात केला.

पाळीच्या दिवसांत बायका रोजे धरत नाहीत, मागाहून भरून काढतात. सहा सुटतात, फार तर सात. फरझानाचं दुखणं कळायच्या आधीच्या ईदनंतर शेगडीपाशी तांदळाच्या भाकऱ्या भाजता भाजता फरझानाने बोटांची पेरं मोजली आणि हळूच म्हणाली, "आपा, माझे पंधरा गेले गो." नफिसा चार बायकांच्या देखत हसली. अर्धा रमजान खाऊनच काढलास की, आळशी कुठली! बायका हसल्या. फरझानाही हसली, आणि पुन्हा त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायचं होतं.

पंधरातला एकही रोजा तिच्याच्याने भरून झाला नाही. गेलेल्या बहिणीचे रोजे सख्ख्या बहिणीने धरले तर चालतात, असं मौलानांनी सांगितल्यापासून नफिसा ते धरत होती. चौदा झाले. पंधरावा मात्र वर्षभर पुढे ढकलत राहिली. कारण रोज्याच्या दिवशी पहाटे सहरीचं खायला उठलं की शेगडीपाशी कुणीतरी बसलेलं असायचं, पेरं मोजत. नफिसाला तिची भीती वाटायची. पंधरावा झाला की ती येणार नाही, याची जास्त वाटायची. पण आज इकराची लस, म्हणून आज पहाटे तिने तो धरलाच.

"वासिफ, ऐक," ती म्हणाली. "पंधरा रोजे गेले म्हणून फरझानानं मला सांगितलं व्हतं. पंधरा दिवस अंगावरून जातंय, मला कळायला पायजे व्हतं. मी हसले रे तिला."

बाकावर इकरा ऐकत होती. नफिसाला ते दिसलं, तरी ती थांबली नाही. सगळं सांगितलं.



"मला पण सांगितलं व्हतं तिनं," वासिफ म्हणाला. "मी म्हटलं, बायकांचं मला काय कळतंय, आपाला विचार." आणि मग, "सही कर, आपा."

सुई टोचून झाली. चक्कर वगैरे येत नाही ना म्हणून अर्धा तास बसवून घेतलं. मग दोघी रिक्षाने घरी आल्या.

संध्याकाळी रोजा सोडायची, मगरिबची अजान झाली तेव्हा इकराने दुखऱ्या हाताने खजुराची बशी पुढे सरकवली. नफिसा खजूर हातात धरून तशीच बसली.

"खाला, अजान झाली."

"व्हय."

"मी कधी काय सांगितलं तर हसू नको."

नफिसाने मान हलवली. मग खजूर तोंडात घातला आणि मागे वळून शेगडीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.