निरगुडीचा पाला

बाजारहत्नूरजवळच्या त्या गावात तुरीचं बियाणं जपावं तर मनकर्णानंच, असं सगळ्या बाया म्हणायच्या. पण सत्त्याऐंशी सालच्या मृगाआधी विठाबाई तिच्या दारावरून सरळ पुढं गेली आणि शेजारी मनकर्णाच्या धाकट्या जावेच्या, राहीबाईच्या, ओसरीवर जाऊन बसली. राहीच्या तुरीला एकही भोक नव्हतं. मनकर्णाच्या कणगीत मात्र हात घातला की भुंगे बाहेर यायचे.

"काय टाकतं वं तू?" विठाबाईनं विचारलं.

"निरगुडीचा पाला. माही माय टाकत होती."

कुडापलीकडे भांडी घासणाऱ्या मनकर्णाचा हात थांबला. लग्नाला चार वर्षं झालेली पोर, आणि बाया तिला विचारतात! त्या दिवसापासून राहीच्या दारात कुणाची चप्पल दिसली तरी तिचा जळफळाट व्हायचा.

पुढच्या माघात तूर निघाली. जावेला विचारायला तिची जीभ रेटेना. ओढ्यावरून तिनं निरगुडीचा भारा ओरबाडून आणला आणि त्याच दुपारी, पानं हिरवीगार असतानाच, कणगीत थर देऊन तोंड शेणानं लिंपून टाकलं.

वैशाखात कणगी फोडली तर भपकन आंबूस वास आला. तूर बुरसून काळी पडली होती. मनकर्णाला रडू आलं नाही, राग आला. ओंजळभर तूर घेऊन ती थेट राहीच्या ओसरीवर गेली. विठाबाई आणि आणखी दोघी तिथं बसलेल्या.

"पाहा, हिच्या पाल्यानं माही तूर नासली!"

राहीनं तुरीला चिकटलेलं एक पान सोडवून बोटांत चोळलं. मग मनकर्णाकडे पाहिलं. आपण न विचारताच पाला टाकला हे हिला कळलं, आता बायांसमोर आपली अब्रू जाणार, असं मनकर्णाला वाटलं.

"माहीच चूक झाली, बाई," राही म्हणाली. "सावलीत कडकडीत वाळवून, चुरून टाका लागते, हे म्या तुमाले सांगतलंच नाई."

मनकर्णानं विचारलं तरी कुठं होतं? राही भांडली असती तर चार शब्द सुनावता आले असते. या गोड बोलण्यानं तर तिच्या अंगाची आग आग झाली.

राहीनं सूपभर तूर तिच्या पदरात ओतली. दुसरं बियाणं नव्हतंच, मनकर्णानं मुकाट्यानं तेच पेरलं. उगवण दाट झाली. शेजारचे चंपतराव शेताच्या धुऱ्यावर थांबले.

"वयनी, बियाणं झकास हाये. कोनाचं?"

"माहंच," मनकर्णा म्हणाली आणि खाली वाकून तण निंदायला लागली.